वल्ही कुठे ठेवावीत?

होडी चालवताना वल्ही हातात असतात. पण जाळे ओढायला लागलो की दोन्ही हात जाळ्याला लागतात. तेव्हा वल्ही कुठे ठेवायची?

आम्ही शाळामास्तर. पण जन्म खाडीकाठी गेला, म्हणून पाहिलेले सांगतो. एकदा पहाटे आमचे दोन जुने विद्यार्थी, सख्खे भाऊ, जाळे घेऊन परत येत होते. होडीला लहानसे इंजिन होते. खाडीच्या तोंडाशी ते बंद पडले. ओहोटी लागलेली. वर मतलई वारा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. होडी मागे जाऊ लागली.

थोरला ओरडला, "अरे, वल्ही काढ!" वल्ही होती, पण तळाशी. त्यांच्यावर ओल्या जाळ्याचा ढीग. पाते जाळ्यात गुंतलेले. धाकटा ओढतो आहे, वल्हे काही निघत नाही. तेवढ्यात होडी खडकावर आदळली. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला, म्हणून दोघे घरी आले. होडीची एक फळी फुटली.

इंजिन आहे म्हणून वल्ही तळाशी टाकायची, ही सवय हल्ली फार झाली आहे. वल्ही जाळ्याच्या खाली कधीही नसावीत. होडीच्या लांबीत, बाकांवर, दोन्ही कडांना एकेक ठेवावे. पाते नाळेकडे, मूठ वल्हवणाऱ्याकडे. आडवे ठेवले तर टोक बाहेर राहते. लाटेचा फटका बसला की वल्हे गेले! मधोमध ठेवले तर पायात येते. एक म्हातारे तांडेल पोरांना डोळे मिटायला सांगत आणि म्हणत, "आता मूठ धर पाहू." चाचपडावे लागले तर जागा चुकली.

वल्ही बांधावीत का? होय. लाकूड तरंगते. होडी कलंडली तर वल्ही लांब वाहून जातात. पण गाठ कशी? काथ्याची दोरी भिजली की गाठ आवळते, घाईत सुटत नाही. म्हणून लेंग्याच्या नाडीला मारतो तशी गाठ मारावी. टोक ओढले की सुटली पाहिजे.

किनाऱ्याला आलात की वल्ही घरी न्यावीत. एकाच अंगाने ऊन लागले तर लाकूड वाकते. भिंतीला तिरपे टेकवून महिनोन्‌महिने ठेवले तरी वाकते. पावसाळ्यात छपराखाली दोन दोर टांगून त्यांत आडवी ठेवावीत. वारा लागतो, वाळवी पोहोचत नाही.

लाकूड टिकावे म्हणून काजूच्या टरफलाचे तेल लावतात. पात्याला आणि दांड्याला खुशाल लावा. मुठीला मात्र लावू नका. त्या तेलाने हाताची कातडी भाजते.