जेफ्री चॉसर : जकातीच्या कचेरीतला कवी

राजाचा माणूस

चौदाव्या शतकातल्या या इंग्रज कवीची माहिती कवितेपेक्षा हिशेबाच्या कागदांतून जास्त मिळते. त्याचा जन्म १३४० च्या दशकात लंडनमध्ये झाला. वडील जॉन द्राक्षमद्याचे व्यापारी. १३५७ साली अल्स्टरच्या काउंटेसच्या वाड्यावर पोरसवदा जेफ्रीच्या कपड्यांचा खर्च नोंदवलेला आहे. दोन-तीन वर्षांत तो फ्रान्सच्या मोहिमेत पकडला गेला. त्याला सोडवण्यासाठी राजा तिसऱ्या एडवर्डने १६ पौंड दिले. पुढे राजाच्याच कामाने तो जिनोआ आणि फ्लॉरेन्सला जाऊन आला. दान्ते आणि बोकाचिओ यांच्या लेखनाचा ठसा नंतर त्याच्या कवितेत स्पष्ट दिसतो.

वेशीवरचं घर

१३७४ मध्ये लंडन बंदरात लोकर आणि कातड्यांच्या जकातीवर देखरेख ठेवण्याची नोकरी त्याला मिळाली. अट अशी, की नोंदी त्याने स्वतःच्या हाताने लिहायच्या. राहायला ऑल्डगेट या शहराच्या वेशीवरची जागा मिळाली. बारा वर्षं हा माणूस दिवसभर आकडे लिहीत होता. व्यापारी, खलाशी, कारकून यांच्यात त्याची ऊठबस होती. १३८१ च्या शेतकरी उठावात बंडखोरांचा एक जथा शहरात घुसला तोही ऑल्डगेटमधूनच.

एका कवितेत त्याने स्वतःचंच चित्र काढलं आहे : हिशेब आटोपून घरी यायचं, पुन्हा पुस्तकात डोकं घालायचं आणि डोळे शिणेपर्यंत मुक्यासारखं बसून राहायचं. त्याच्या पात्रांची बोली इतकी खरी उतरली ती या कचेरीमुळेच, असं मला वाटतं.

दहा वर्षांच्या लुईससाठी

दरबारात फ्रेंचचा तोरा होता, विद्या लॅटिनमध्ये होती. चॉसरने इंग्रजी धरली. याचा सगळ्यात हृद्य पुरावा म्हणजे १३९१ च्या सुमाराचं त्याचं अ‍ॅस्ट्रोलेब या यंत्रावरचं पुस्तक. ग्रहताऱ्यांची स्थिती मोजायचं हे पितळी यंत्र कसं वापरायचं, हे तो आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, लुईसला, समजावून सांगतो. पोराला लॅटिन अजून थोडंच येतं, म्हणून साध्या इंग्रजीत. एकच गोष्ट दोनदा सांगितल्याबद्दल तो वाचकांची माफीही मागतो. मुलाने विसरण्यापेक्षा त्याच्यासाठी दोनदा लिहिलेलं बरं, हे त्याचं कारण. शिकवणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल.

कँटरबरीची वाट

‘द कँटरबरी टेल्स’मध्ये साऊथवर्कच्या टॅबर्ड सराईत तिसेक यात्रेकरू जमतात. कँटरबरीतल्या संत थॉमस बेकेटच्या समाधीला निघालेल्या या मेळ्यात सरदार, गिरणीवाला, मठाची प्रमुख, स्वयंपाकी, पाच लग्नं केलेली बाथची बाई असे सगळे आहेत. वाट सरावी म्हणून प्रत्येकाने जाता-येता दोन-दोन गोष्टी सांगायच्या असं ठरतं. सरदाराची उदात्त प्रेमकथा संपते न संपते तोच दारू प्यालेला गिरणीवाला मध्ये तोंड घालतो आणि आपली चावट गोष्ट सुरू करतो. मानपानाची उतरंड तिथेच कोसळते. हा क्षण मला साऱ्या ग्रंथाचा प्राण वाटतो. ठरलेल्या शंभराहून अधिक गोष्टींपैकी फक्त चोवीस लिहून झाल्या, त्यांतल्याही काही अर्धवट राहिल्या. यात्रेकरू कँटरबरीला पोहोचतच नाहीत.

थडगं

१३९९ मध्ये चॉसरने वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारातलं घर ५३ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. पुढच्याच वर्षी तो वारला. ॲबेत जागा मिळाली ती तिथला रहिवासी आणि राजसेवक म्हणून. मुद्रक कॅक्स्टनने १४७० च्या दशकात ‘टेल्स’ छापल्या. १५५६ मध्ये ॲबेत चॉसरचं नवं थडगं उभं राहिलं. १५९९ मध्ये कवी एडमंड स्पेन्सरला त्याच्याजवळ पुरलं. मग एकेक कवी तिथे येत गेला, आणि त्या कोपऱ्याला ‘पोएट्स कॉर्नर’ हे नाव पडलं.