राजीनामा देण्यापूर्वी आरोग्य विम्याचे काय?

पूर्वी एकदा नोकरी लागली की माणूस निवृत्त होईपर्यंत तेथेच राहत असे. आज आपल्या संस्थेच्या सभासदांची मुले-मुली खाजगी कंपन्यांत आहेत आणि दोन-चार वर्षांत नोकरी बदलतात. कोणी स्पर्धा परीक्षेसाठी, तर कोणी स्वतःच्या धंद्यासाठी राजीनामा देतो. अशा वेळी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची चौकशी सर्वजण करतात. आरोग्य विम्याची मात्र क्वचितच कोणी करतो, कारण त्याचा हप्ता बहुधा मालक भरतो. खिशातून जे जात नाही, त्याची आठवण राहत नाही.

कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांचा जो विमा उतरविते, त्यास गट विमा म्हणतात. ही पॉलिसी कंपनीच्या नावे असते. आपण त्या यादीतील केवळ एक नाव असतो. कार्यमुक्त होताच ते नाव कमी होते आणि त्याबरोबर पत्नी, मुले व आई-वडील यांचेही संरक्षण सामान्यतः त्याच दिवशी संपते.

यावर आमचे तरुण मित्र म्हणतात, "त्यात काय, नवी पॉलिसी घेऊ." खरे नुकसान नेमके येथेच होते. नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात वगळता आजाराचा दावा सहसा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. मधुमेह, रक्तदाब असे आधीपासूनचे आजार असल्यास तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही कमाल मर्यादा चार वर्षांची होती). यास प्रतीक्षा काळ म्हणतात. अनेक गट विम्यांत तो माफ केलेला असल्याने नोकरीत असताना त्याची झळ लागत नाही. वृद्ध आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन 'दिवाळीनंतर करू' म्हणून पुढे ढकललेले असते आणि दिवाळीपूर्वीच मुलाचा राजीनामा मंजूर होतो. मग ऑपरेशनचा सर्व खर्च घरातून करावा लागतो.

यावर उपाय आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार गट विम्यातून बाहेर पडणाऱ्या सभासदास व त्याच्या कुटुंबीयांस त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे. यास मायग्रेशन म्हणतात. एका विमा कंपनीतून दुसरीत जाण्याची पोर्टेबिलिटी १ ऑक्टोबर २०११ पासून सुरू झाली. यात गट विम्यात काढलेली वर्षे प्रतीक्षा काळात मोजली जातात. समजा, आई चार वर्षे तीन लाखांच्या गट विम्यात होती आणि आता आपण पाच लाखांची पॉलिसी घेतली. तर पूर्वीच्या तीन लाखांपुरती तिची वर्षे धरली जातील. वाढीव दोन लाखांसाठी प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होईल. हप्ता मात्र वयानुसार आता आपल्यालाच भरावा लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला, एवढाच दिलासा. कंपनी तपासण्या सांगू शकते, प्रश्न विचारू शकते. त्या वेळी मधुमेह लपवू नये. आज लपविलेला आजार उद्या दाव्याच्या वेळी बाहेर येतोच.

म्हणून आमचे सांगणे क्रमाविषयी आहे. अर्ज आधी, कार्यमुक्ती नंतर. राजीनाम्याच्या नोटिशीचा काळ बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो. त्याच्या पहिल्याच आठवड्यात कार्यालयाकडून गट पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचे नाव आणि आपण व कुटुंबीय किती वर्षे यादीत होतो याचा लेखी दाखला घ्यावा. नोकरी सुटल्यानंतर असा दाखला मिळविण्यासाठी किती खेटे घालावे लागतात, हे कारकुनी करणाऱ्या आम्हाला ठाऊक आहे. हातात असलेली पॉलिसी नव्या नोकरीत विमा मिळाला तरी सोडू नये. तीही नोकरी कायमची नसते.

राज्य कामगार विमा योजनेतील, म्हणजे ईएसआयच्या कामगारांची गोष्ट वेगळी आहे. नोकरी सुटली की कार्ड निकामी झाले असे समजून बरेचजण ते टाकून देतात. वस्तुतः वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एखाद्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर त्याच्याशी जोडलेला लाभकाळ संपेपर्यंत वैद्यकीय लाभ मिळतो. पहिल्याचा लाभकाळ पुढील जानेवारी ते जून, दुसऱ्याचा जुलै ते डिसेंबर. म्हणजे अनेक वर्षे वर्गणी भरणाऱ्या कामगाराने ३१ ऑगस्टला नोकरी सोडली, तरी एप्रिलपासूनचे ७८ दिवस भरले असल्यास तो पुढील ३० जूनपर्यंत दवाखान्यात जाऊ शकतो. आणखी एक बाब म्हणजे पाच वर्षे विमित राहून वयोमानानुसार किंवा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडणाऱ्यास अल्प वर्गणीत पती-पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. साध्या राजीनाम्यास ही सवलत नाही. तेव्हा कंपनीत स्वेच्छानिवृत्ती योजना आली असेल, तर अर्जावर कोणता शब्द लिहिला जातो आहे, ते सही करण्यापूर्वी पाहावे.

ज्यांना हप्ता झेपणारच नाही, त्यांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती घ्यावी. राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. मात्र ते यादीतील उपचारांस व संलग्न रुग्णालयांतच मिळते. सत्तर वर्षांवरील आई-वडिलांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळू लागले आहे. ते आधार कार्डावर निघते आणि मुलाच्या नोकरीशी त्याचा काही संबंध नाही.