फिल्टरमधली चांदी कुणासाठी?

पावसाळा लागला की सरकारी रुग्णालयांत कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात. पाणी उकळून पिता का, असं विचारलं की हल्ली अनेक जण सांगतात, 'घरी फिल्टर आहे, चांदीवाला.'

ही चांदी असते तरी कुठे? बऱ्याच फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास प्रक्रिया केलेला कोळसा असतो. बहुतेकदा नारळाच्या करवंटीचा. त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग 1000 चौरस मीटरच्या आसपास भरतो. हा कोळसा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवतात, मग उष्णतेने किंवा रसायनाने त्यातली चांदी वेगळी करतात. तिचे अतिसूक्ष्म कण कोळशाला चिकटून बसतात. ते नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण मोकळे सोडले तर एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, कोळशावर मात्र ते विखुरलेले राहतात. कण जितके बारीक, तितकी जास्त चांदी पाण्याला भिडते. तिचे आयन हळूहळू सुटतात आणि जंतूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचं कामकाज बंद पाडतात.

गोम पुढेच आहे. कोळसा पाण्याचा वास घालवतो, तसाच नगरपालिकेने जंतू मारायला घातलेला क्लोरीनही काढून टाकतो. राखणदारच गेला! मग सतत ओल्या राहणाऱ्या त्या कोळशावर जंतू घर करतात. चांदी लावतात ती मुख्यतः त्यांची वाढ रोखायला, म्हणजे कोळशाच्या रक्षणासाठी. पाणी कोळशातून काही क्षणांत निघून जातं. चांदीला जंतू मारायला पुष्कळदा काही तास लागतात. काविळीच्या विषाणूंबाबत तर तिच्यावर विसंबूच नये. चांदी वाढवावी म्हटलं, तर ती पाण्यात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपर्यंतची चांदी आयुष्यभर पोटात गेली तरी चालते.

म्हणून फिल्टर घेताना चांदीपेक्षा कोळशाच्या पुढे यूव्ही किंवा आरओ आहे का, हे विचारावं. कार्ट्रिज वेळेवर बदलावी. परिसरात साथ असेल तर पाणी खळखळून उकळावं. आणि आठवडाभर गावाला जाऊन आल्यावर फिल्टरमधून येणारं पहिलं पाणी कुंडीतल्या झाडांना घालावं.