गिअरपेटीचा ताप

आमच्या सुरतेतील विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशात आहेत. सुटी लागली की ही मंडळी ज्या वाटेने गावी जातात ती वाट, म्हणजे हजिऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, व्यारा, सोनगड आणि नवापूर मागे टाकते व विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीच्या घाटाला लागते. या चढणीवर एखादा मालट्रक कडेला उभा दिसला की ‘गाडी तापली’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु नक्की काय तापले? इंजिन, की गिअरपेटी? आणि तापले म्हणजे किती? डॉक्टर जसा रोग्याच्या तापाचा आकडा पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच यंत्राच्या बाबतीतही असावयास हवे. प्रत्यक्षात मात्र अंदाजावरच पुष्कळदा काम भागविले जाते. स्वयंचलित गिअरपेटीच्या बाबतीत तर हा अंदाज फार महागात पडतो.

आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य मालट्रकांत गिअर अजून हातानेच बदलावा लागतो. स्वयंचलित पेटी आढळते ती खाणीतील प्रचंड डंपरांत, विमानतळावरील अग्निशामक गाड्यांत आणि शहरांतील काही बसगाड्यांत. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास ज्या सखल तळाच्या सीएनजी बसगाड्या धावू लागल्या, त्यांच्या चालकांना क्लच दाबावा लागत नसे. वारंवार थांबावे व वारंवार निघावे लागते, अशा कामात या पेटीची थोरवी कळून येते.

हिच्या मुळाशी एक जर्मन कल्पना आहे. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी, इंजिनाची शक्ती द्रवाच्या द्वारे फिरत्या दांड्याकडे पोहोचविण्याची युक्ती शोधून काढली. टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल आहे, इतकेच. या भागास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. इंजिनाच्या बाजूचा पंखा तेल भिरकावतो, चाकांच्या बाजूचा पंखा ते झेलतो, आणि मधला एक लहान भाग परत येणाऱ्या तेलाला योग्य दिशा देऊन निघतेवेळचा जोर वाढवितो. मोटारगाड्यांसाठी पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम निघाली ती अमेरिकेत, १९४० च्या सुमारास.

आता दुसरा पंखा पहिल्याइतक्या वेगाने कधीच फिरत नाही. दोहोंच्या वेगांत जो फरक पडतो, त्यात वाया गेलेली शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. ती किती असावी? समजा, गाडी जड ओझ्याने चढावर अडून राहिली आहे, चाक हलत नाही, आणि इंजिन दीडशे किलोवॅट, म्हणजे सुमारे दोनशे अश्वशक्ती, ओतीत आहे. चाक हलत नसल्याने ही सारी शक्ती तेलात जाते. घरी पाणी तापविण्याचा विजेचा रॉड दीड हजार वॅटचा असतो. असे शंभर रॉड एकाच वेळी त्या तेलात बुडविले आहेत, असे समजावे! पेटीत पंचवीस लिटर तेल असेल तर त्याचे तापमान दर सेकंदास तीन ते साडेतीन अंशांनी चढू पाहील. वरच्या वर्गातील मुलांनी तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी धरून हे गणित करून पाहावे. कलाशाखेच्या पदवीधरालाही ते जमते, एवढी ग्वाही आम्ही देतो. लोखंड व कूलर यांनी काही उष्णता शोषली तरी पंधरा-वीस सेकंदांत तेलाची दुर्दशा होऊ शकते, हे त्यावरून ध्यानात येईल.

आमच्या मातृभाषेत, कोकणीत, अंगातल्या तापाला ‘जोर’ म्हणतात. मराठीत जोर म्हणजे बळ. या पेटीपुरते बोलावयाचे तर दोन्ही अर्थ खरे आहेत: जेथे बळ निसटते तेथे ताप येतो.

हा ताप किती असावा, याचे आकडे निर्माते देतात. अ‍ॅलिसन या अमेरिकी कंपनीचा एक कारखाना चेन्नईजवळही आहे. रस्त्यावरील मालट्रकांसाठी तिच्या ज्या पेट्या असतात, त्यांच्या तळाच्या चेंबरातील तेल साधारण ७१ ते ९३ अंश सेल्सियस असावे. १२१ च्या वर गेले तर पेटी तापली असे धरावे. परंतु कन्व्हर्टरमधून निघून कूलरकडे जाणाऱ्या तेलाची मर्यादा १४९ अंश आहे. या ठिकाणी पुष्कळांचा घोटाळा होतो. गाडीतील मापकाची तार पेटीच्या कोणत्या ठिकाणी जोडलेली आहे, हे ठाऊक असल्यावाचून काट्याचा अर्थ लागत नाही. चढावर १३० अंश दिसले, आणि ते कूलरकडे जाणाऱ्या नळीतले असले, तर घाबरण्याचे कारण नाही. तेच १३० चेंबरातले असतील तर गाडी तत्काळ थांबविली पाहिजे. आकडा एकच असूनही एका ठिकाणी तो निरोगी आहे, दुसऱ्या ठिकाणी रोगाचा. निरनिराळ्या कंपन्यांचे आकडे थोडे भिन्न असतात, म्हणून गाडीसोबत आलेली पुस्तिका रद्दीत घालू नये. ती बहुधा गाडीच्याही आधी हरवते, हे आम्ही जाणून आहोत!

तपासाची पहिली पायरी इंजिनाच्या मापकाशी ताडून पाहण्याची. पुष्कळ गाड्यांत पेटीचे तेल रेडिएटरच्या पाण्याने थंड होते. इंजिन आणि पेटी दोन्ही तापत असतील तर दोष बहुधा दोघांच्या सामाईक घरात असतो: पाणी कमी आहे, पंख्याचा पट्टा ढिला आहे, रेडिएटरची जाळी धुळीने व किड्यांनी बुजली आहे. इंजिन थंड आणि पेटीच तेवढी तापत असेल, तर दोष पेटीत, तिच्या तेलात किंवा कूलरच्या नळ्यांत शोधावा.

दुसरी पायरी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये घालण्याची. इंजिन मात्र लगेच बंद करू नये, कारण तेलाचा पंप इंजिनानेच चालतो. इंजिन थांबले की कूलरकडे जाणारा प्रवाहही थांबतो. इंजिन मिनिटास १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवले असता दोन-तीन मिनिटांत ताप उतरू लागला पाहिजे. तसा उतरला तर कूलर ठीक असून ताप चढावाचा वा चालविण्याच्या पद्धतीचा आहे. न उतरला तर कूलर तुंबला असण्याचा संभव आहे. एक पैसाही न खर्चता ही चाचणी होते.

मग तेल. ते सपाट जमिनीवर, गरम असताना, इंजिन मंद चालू ठेवून डिपस्टिकवर मोजावे. थंड तेलाची पातळी केवळ गाडी सुरू करण्याइतके तेल आहे की नाही एवढेच सांगते, कारण तापले की तेल फुगते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लचच्या प्लेटा घसरतात आणि ताप चढतो. पण तेल अधिक झाले तरी ताप चढतो! फिरती दातेरी चाके ते घुसळतात व त्याचा फेस होतो. म्हणून ‘थोडे जास्त घातले तर काय बिघडले’ हा आपला घरगुती न्याय येथे चालत नाही. डिपस्टिकवरील थेंब बोटांत घेऊन पाहावा व हुंगावा. काळा रंग आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटा जळल्या. दुधाळ रंग म्हणजे कूलर फुटून पाणी शिरले. हे अधिक वाईट, कारण पाण्याने प्लेटांवरील अस्तर सुटते.

इतके पाहिल्यावरच पेटी उघडण्याचा विचार करावा. एकच गाडी कर्जाने घेऊन पोट भरणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. मिस्त्रीने ‘पेटी उतरवावी लागेल’ म्हटले की गाडी कित्येक दिवस उभी राहते. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. आणि शेवटी रेडिएटरच्या जाळीतला चिखल हेच कारण निघाले तर? उलट, करपलेल्या वासाकडे डोळेझाक करून ‘अजून चालते आहे’ म्हणत राहिल्यास, आज काही प्लेटांवर भागले असते तेथे उद्या सारी पेटीच बदलावी लागते.

सपाट महामार्गावर, एकसारख्या वेगातही ताप हळूहळू चढत असेल तर लॉक-अप क्लच पाहावा. गाडीने वेग घेतला की हा क्लच दोन्ही पंखे एकत्र जखडून घसरण बंद करतो. तो लागला नाही तर इंजिनाच्या फेऱ्या नेहमीपेक्षा अधिक दिसतात. राहता राहिली स्टॉल चाचणी: ब्रेक घट्ट लावून, गिअरमध्ये, काही क्षण पूर्ण रेस देऊन फेऱ्या पुस्तिकेशी ताडावयाच्या. फेऱ्या अधिक असतील तर प्लेटा घसरत आहेत; कमी असतील तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरमधला तो लहान भाग निकामी झाला आहे. शंभर रॉडांचा हिशेब ज्याने वाचला तो ही चाचणी क्षणभरच का करावयाची, हे समजेल. ती कसबी मिस्त्रीनेच करावी. गाडीपुढे कोणी उभे असता कामा नये.

अलीकडे काही ट्रकांत व टिपरांत एएमटी नावाची पेटी येते. तिच्यात नेहमीचाच क्लच व नेहमीचेच गिअर असून ते यंत्राने बदलले जातात, कन्व्हर्टर नसतो. वरील आकडे तिला लावू नयेत.

घाटासंबंधी एक गोष्ट उरली. चढताना खालचा गिअर निवडला तर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, लॉक-अप टिकतो व तेल थंड राहते; वरच्या गिअरमध्ये रेटत नेल्यास घसरण वाढते. पंखाही फेऱ्यांबरोबर जोराने फिरतो. आणि उतरताना, जर पेटीत तेलाचा रिटार्डर बसविलेला असेल, तर चाकांचा वेग तोच तेलात मुरवून उष्णतेत बदलतो. म्हणून रिटार्डर चालू असताना त्यातून निघणाऱ्या तेलाला अ‍ॅलिसनच्या पुस्तिकेत १६५ अंशांपर्यंत सूट आहे. कोंडाईबारी उतरून सुरतेकडे येणाऱ्या चालकाने काटा वर गेलेला पाहून रिटार्डर बंद करून केवळ ब्रेकवर गाडी सोडू नये. गाडी प्रथम खालच्या गिअरमध्ये हळू करावी, सोयीची जागा पाहून थांबावे, आणि न्यूट्रलमध्ये काटा खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.