बदल केलेल्या मोटारीला अग्निशामक कोणता आणि कसा?

जुनी जीप घ्यायची, तिला दुसरे इंजिन, रुंद टायर, छतावर दिव्यांची रांग आणि पुढे विंच बसवायची, ही हौस गोव्यात नवी नाही. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या रानवाटांवरील स्पर्धेत अशा गाड्यांचे टोकाचे रूप पाहायला मिळते. त्यांची सौम्य भावंडे मडगाव-म्हापशाच्या रस्त्यांवर धावताना दिसतात. या हौसेपायी लाखो रुपये खर्च होतात. आगीचा विचार मात्र अनेकदा सीटखाली सैल ठेवलेल्या एका लहान सिलिंडरपाशीच संपतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीपेक्षा बदल केलेल्या गाडीतील आगीचा धोका वेगळा असतो आणि बदल निष्काळजीपणे झाले असतील तर तो अधिकही असतो. त्यामुळे तिच्या संरक्षणाचा विचारही वेगळा करावा लागतो.

आग लागते कुठून?

कारखान्यात वायरची जाडी, फ्यूजची क्षमता आणि इंधननळीची वाट ही सारी एकमेकांशी मेळ घालून ठरवलेली असतात. बाहेरून केलेला प्रत्येक बदल हा मेळ थोडा तरी बिघडवतो. मूळ वायरीला जोड देऊन जादा दिवे किंवा संगीतयंत्रणेचा अँप्लिफायर चालवला की ती वायर तिच्या क्षमतेबाहेर तापू लागते. विंच तर पूर्ण भाराखाली शेकडो अँपिअर प्रवाह ओढते. बॅटरीपासून निघालेल्या अशा जाड वायरीचे वेष्टन पत्र्यावर घासून फाटले आणि तिच्यावर फ्यूज किंवा तोडबटण नसेल, तर प्रवाह थांबवणारे वाटेत काहीच उरत नाही.

दुसरे कारण इंधनाचे. टर्बोची धूर बाहेर टाकणारी बाजू चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या लांब चढावर ६०० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापू शकते. पेट्रोलची वाफ ठिणगीविना पेटण्याचे तापमान २५० ते ३०० अंशांच्या आसपास असते. डिझेलचे त्याहून कमी. अशा तप्त भागाजवळून नेलेली रबरी नळी काही महिन्यांत कडक होते, चिरते आणि गळू लागते. आधुनिक इंजिनातील विजेचा इंधनपंप नळीत सतत दाब ठेवतो, त्यामुळे बारीक चिरेतूनही इंधनाचा फवारा उडतो. गळणारे इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइलही तप्त मॅनिफोल्डवर पेट घेते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

म्हणून अग्निशामक निवडण्याआधीचे काम निराळे आहे. प्रत्येक जादा उपकरणाला बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज, पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला रबरी कडे, इंधननळीला योग्य पकड, तप्त भागापुढे उष्णतारोधक आड आणि बॅटरी तोडण्याचे बटण, एवढे झाल्यावरच अग्निशामकाच्या खर्चाला अर्थ येतो. इंधनपंप चालू असेल तर विझलेली आग पुन्हा पेटते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. सीएनजी किटसारख्या बदलांना वाट आहे. मात्र किट मान्यताप्राप्त हवे आणि नोंद प्रमाणपत्रावर झाली पाहिजे. विम्याच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे, कारण न कळवलेल्या बदलामुळे आग लागल्यास भरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. अग्निशामक बसवल्याने बेकायदा बदल कायदेशीर होत नाही.

आत काय भरलेले हवे?

बाजारात स्वस्त आणि सहज मिळतो तो कोरड्या भुकटीचा अग्निशामक. ‘एबीसी’ भुकटी सीटचे कापड, पेट्रोल आणि वायू या तिन्ही प्रकारच्या आगींवर चालते आणि ज्वाळा झटपट दाबते. तिचे दोषही ठाऊक असावेत. बंद केबिनमध्ये ती उडाली की काही दिसेनासे होते आणि श्वास कोंडतो. तिच्यातील अमोनियम फॉस्फेट गोव्यासारख्या दमट हवेत ॲल्युमिनियमचे भाग आणि विद्युत जोड खाते. त्यामुळे वापरानंतर गाडी लगेच व पूर्ण साफ करावी लागते. शिवाय ती तप्त धातूला फारसे थंड करत नाही.

फेस निर्माण करणारे पाण्याचे मिश्रण इंधनावर थर धरते आणि धातूही थंड करते. स्पर्धेच्या गाड्यांत ते दीर्घकाळ वापरात आहे. उघड्या जीपला हे किंवा भुकटीच उपयोगी. वायुरूप द्रव्य वाऱ्याने क्षणात उडून जाते.

बंद मोटारीसाठी ‘क्लीन एजंट’ हा महाग पण चांगला पर्याय आहे. एफके-५-१-१२ हे त्यांपैकी एक रसायन. ते साधारण ४९ अंशांना उकळते, साठवणीत द्रव असते आणि फवारताच वायू होऊन मागे काहीही ठेवत नाही. ज्वाळेत त्याचे विघटन होऊन घातक आम्लवायू तयार होतात, म्हणून फवारा मारल्यावर आत थांबू नये. पूर्वी नावाजलेले हॅलॉन ओझोनच्या थराला घातक ठरल्याने माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन बंद झाले आहे. जुना हॅलॉन सिलिंडर कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मात्र मोटारीसाठी नको. तो जड असतो, बंद केबिनमध्ये गुदमरण्याचा धोका असतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत त्यातील आधीच मोठा असलेला दाब आणखी चढतो.

हाती धरायचा की बसवलेला?

रोजच्या वापरातील, थोडे बदल केलेल्या गाडीला भुकटीचा २ किलोचा हाती धरायचा अग्निशामक पुरेसा असतो. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आय. एस. १५६८३ हा मानक क्रमांक पाहावा, दाबमापक असलेलाच घ्यावा आणि लेबलवरील कमाल तापमानही वाचावे. अर्ध्या किलोचे शोभेचे डबे काही सेकंदांत संपतात. २ किलोचा सिलिंडरही सलग चालवला तर साधारण ८ ते १० सेकंदच पुरतो.

टर्बो किंवा दुसरे इंजिन बसवलेल्या, इंधनाची टाकी हलवलेल्या अथवा स्पर्धेत उतरणाऱ्या गाडीला कायम बसवलेली यंत्रणा हवी. हिच्यात एक सिलिंडर, त्यापासून निघणाऱ्या धातूच्या नळ्या आणि इंजिनकक्षात व केबिनमध्ये उघडणारी नोझले असतात. चालकाने पट्टा न सोडता खटका ओढला की दोन्हीकडे एकाच वेळी फवारा उडतो. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, ८८६५-२०१५ हे मानक अशा यंत्रणांसाठी आहे. कोणत्या स्पर्धेला कोणती यंत्रणा चालते हे त्या स्पर्धेच्या नियमावलीत आधी पाहून मगच खरेदी करावी.

खटका तारेचा की विजेचा, हाही निर्णय असतो. तारेचा खटका साधा व स्वस्त. पण तार गंजली किंवा तीव्र वळणाने नेली तर अडकते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या गोव्यात हा विचार महत्त्वाचा. विजेच्या खटक्याला गाडीच्या बॅटरीपासून स्वतंत्र बॅटरी लागते आणि ती वेळेवर बदलावी लागते.

बसवण्याचे काम

अग्निशामक कुठे आहे यापेक्षा तो कशाने धरला आहे हा प्रश्न मोठा. स्पर्धेच्या नियमांनुसार त्याची पकड २५ जी इतक्या मंदनाला टिकली पाहिजे. २ किलो भुकटीचा सिलिंडर एकूण साधारण ४ किलोचा धरला, तर धडकेच्या क्षणी तो १०० किलोच्या ओझ्यासारखा सुटू पाहतो. प्लॅस्टिकची पकड किंवा पत्र्यात पिळलेले स्क्रू त्याला रोखू शकत नाहीत. धातूचे दोन पट्टे, झटकन सुटणारी कडी, तळाच्या पत्र्यातून आरपार गेलेले बोल्ट आणि पत्र्याखाली जाड पट्टी ही किमान गरज आहे. सिलिंडर पुढे निसटू नये म्हणून त्याच्या टोकांशी अडसरही हवा.

जागा अशी असावी की पट्टा बांधलेल्या चालकाचा हात पोहोचेल, पण सिलिंडर पेडलकडे घरंगळू शकणार नाही. डिकीत ठेवलेला अग्निशामक मागून धडक बसल्यावर मिळत नाही. नव्या गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रक अनेकदा दोन सीटमधल्या उंचवट्याखाली असते. तिथे भोके पाडण्यापूर्वी खाली काय आहे ते तपासावे. तळाशी जाणाऱ्या इंधन व ब्रेकच्या नळ्याही आधी पाहाव्यात.

बसवलेल्या यंत्रणेची नोझले इंजिनकक्षात इंधनाचा भाग आणि टर्बो यांच्याकडे, तर केबिनमध्ये चालकाच्या पायांकडे रोखलेली असावीत. चेहऱ्याकडे कधीही नाहीत. नळी करवतीने न कापता नळी कापण्याच्या चाकानेच कापावी, नाहीतर धातूचा कीस आत राहून नोझल तुंबते. नळ्या सायलेन्सरपासून दूर, न दुमडता न्याव्यात. बंद स्पर्धा-गाडीला बाहेरूनही ओढता येईल असा खटका लागतो. त्याची खूण म्हणजे लाल कडा असलेल्या पांढऱ्या वर्तुळातील लाल ‘ई’ हे रोमन अक्षर. चालक बेशुद्ध असेल तर मदतीला धावणारा याच खुणेवर अवलंबून असतो.

देखभाल

महिन्यातून एकदा दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पिन व सील शाबूत आहे ना आणि पकड गंजली नाही ना हे पाहावे. गाडीच्या कंपनांनी भुकटी तळाशी घट्ट बसते, म्हणून सिलिंडर काढून उलटा करून हलवावा. एकदा थोडासाही वापरलेला सिलिंडर पुन्हा भरून घ्यावाच. स्पर्धेच्या यंत्रणांची तपासणी साधारणतः दर दोन वर्षांनी अधिकृत केंद्रात करून घ्यावी लागते. गॅरेजमध्ये काम चालू असताना विजेचा खटका निष्क्रिय ठेवावा आणि गाडी बाहेर काढताना सक्रिय करण्याची सवय लावावी.

आग लागलीच तर

गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे, बॅटरी तोडावी आणि सर्वांना दूर न्यावे. हे झाल्याशिवाय अग्निशामकाला हात घालू नये. बॉनेट पूर्ण उघडल्यास आत हवा शिरून ज्वाळा चेहऱ्यावर येतात. म्हणून फक्त कडी सोडून फटीतून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळेच्या मुळाशी फवारा मारावा. सीएनजीची गळती पेटलेली असेल आणि झडप बंद करणे शक्य नसेल, तर ज्वाळा विझवण्याचा अट्टहास करू नये. साठलेला वायू स्फोटासारखा पेटू शकतो. लिथियम बॅटरीच्या आगीपुढे हाती धरायचा अग्निशामक निष्प्रभ ठरतो. अशा वेळी लांब जाऊन १०१ किंवा ११२ वर कळवणे एवढेच करावे.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनच्या शर्यतीत रोमां ग्रोजाँ याची फॉर्म्युला वन गाडी दुभंगून पेटली आणि तो सुमारे २८ सेकंदांनी ज्वाळांतून बाहेर आला. त्याच्या अंगावर अग्निरोधक पोशाख होता आणि डॉक्टरांची गाडी लगेच पाठोपाठ पोहोचली होती. घाटातल्या वळणावर सुती शर्ट घालून बसलेल्या कुटुंबाकडे यांपैकी काहीच नसते. त्यांच्या मोटारीतील अग्निशामकाचे काम गाडी वाचवण्याचे नाही. मागच्या सीटवरील मुलाचा पट्टा सोडवून त्याला बाहेर काढण्याइतका वेळ मिळवून देण्याचे आहे. तेवढे झाल्यावर सिलिंडरमध्ये काही उरले असेल, तर ते गाडीसाठी.