बिशप नेमायचा कोणी?

बल्लारपूर म्हटले की कागद कारखाना, कोळसा आणि बल्हारशाहचे रेल्वे जंक्शन आठवते. इतिहासाची आवड असलेल्याला वर्धा नदीकाठचा गोंड राजांचा किल्ला आठवेल. याच गावात एका बिशपची गादी आहे, हे मात्र पुष्कळांच्या गावीही नसते.

चांदा धर्मप्रांताची ही गादी. चांद्याचे चंद्रपूर झाले, १९८२ साली त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. चर्चच्या दप्तरी मात्र चांदा ते चांदाच. चंद्रपूर, गडचिरोली आणि वर्धा हे जिल्हे तिच्या कक्षेत येतात. १९९९ पर्यंत आदिलाबादही होते. वसई किंवा नागपूरच्या कॅथलिकांसारखे हे लॅटिन चर्च नाही, हे सिरो-मलबार चर्च आहे, म्हणजे केरळातल्या थॉमस ख्रिस्तींचे. पोप तोच, उपासनेची रीत, परंपरा आणि चर्चचा कायदा वेगळा. केरळाबाहेर मिशनसाठी या चर्चला स्वतःचा असा पहिला मुलूख मिळाला तो हा, १९६२ साली. त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे हे थॉमस ख्रिस्ती केरळात अडकून पडले होते, आणि त्यांची वाट कोणा हिंदू राजाने किंवा सुलतानाने अडवली नव्हती. अडवणारे त्यांचेच युरोपातले धर्मबांधव होते.

बिशप कोणी नेमायचा, हे भांडण जुने, आणि मुळात युरोपचे. मध्ययुगात बिशप म्हणजे नुसता उपासना चालवणारा नव्हे. त्याच्याकडे जमिनी असत, महसूल असे, न्यायनिवाडा असे, प्रसंगी शिपाईही असत. म्हणून बिशप आपला असावा, असे राजालाही वाटे आणि पोपलाही. पोप सातवा ग्रेगरी याने जर्मन राजा चौथा हेन्री याला बहिष्कृत केले, तेव्हा जानेवारी १०७७ मध्ये हेन्री कनोसाच्या किल्ल्याबाहेर थंडीत तीन दिवस माफीसाठी तिष्ठला. हा प्रसंग सगळे सांगतात. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते: सात वर्षांनी त्याच हेन्रीने रोम घेतले आणि ग्रेगरी परागंदा होऊन मेला. अखेर ११२२ साली वर्म्सला तोड निघाली. बिशपला अंगठी आणि दंड चर्चने द्यायचा, जमीनजुमल्याचे अधिकार राजाने. तंटा मिटला असे म्हणायचे एवढेच.

पोर्तुगालने मात्र राजाचा हक्क पोपकडूनच लिहून घेतला. १४५५ पासून एकामागून एक फर्माने निघाली आणि त्यातून ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था उभी राहिली. समुद्रापलीकडच्या मुलखात चर्च बांधायचे, धर्मगुरूंना जहाजात बसवून न्यायचे, त्यांचा पगार द्यायचा, हा खर्च राजाचा. बदल्यात बिशपचे नाव सुचवायचे ते राजाने. त्या काळी पोपला हे स्वस्त वाटले असणार. १५३४ मध्ये गोवा धर्मप्रांत झाला तो याच व्यवस्थेखाली.

केरळातले थॉमस ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधीचे. त्यांचे बिशप मेसोपोटेमियातून येत, उपासना सिरियाक भाषेत होई आणि समाजाचा खरा कारभार स्थानिक आर्चडीकन पाही. त्याच्या मागे हत्यारबंद माणसे असत. मार अब्राहम हे बिशप १५९७ साली वारले, तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांनी संधी साधली. त्यांचे नाव आलेइशो द मेनेझिस. १५९९ च्या आरंभी ते केरळात उतरले. कोचीच्या राजावर पोर्तुगीजांचे वजन होतेच. जूनमध्ये उदयंपेरूर इथे धर्मसभा भरली; दीडशेवर कत्तनार, म्हणजे तिथले धर्मगुरू, आणि सहाशेवर गृहस्थ जमले. सभा म्हणायची, पण चालले मेनेझिस यांचेच. सिरियाक ग्रंथ पाखंडी ठरवून जाळण्यात आले. पुढचा बिशप लॅटिन आला, जेझुइट संघाचा फ्रान्सिस्को रोश, आणि पोर्तुगालच्या राजाचा हक्क केरळावरही बसला. मेनेझिस पुढे १६०७ ते १६०९ या काळात गोव्याचे गव्हर्नरही झाले. कनोसाला जे दोघे समोरासमोर होते, ते इथे एकाच झग्यात सामावले.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याच्या बाबाजी राजाची नोंद आहे: हजार घोडेस्वार, चाळीस हजार पायदळ आणि वैरागडची हिऱ्यांची खाण. या राजवटीत धर्म आणि सत्ता यांची गाठ वेगळी होती. वीरशाहाने मुलीच्या अपमानाचा सूड म्हणून देवगडच्या राजपुत्राचे, म्हणजे जावयाचेच, शिर वाहण्याचा नवस महाकालीला केला आणि तो फेडला, असे सांगतात. पुढे राणी हिराईने महाकालीचे देऊळ बांधले. राजा देवीपुढे शपथ घेई, राणी देऊळ उभारी. पण राजाला वाळीत टाकू शकेल अशी स्वतंत्र धर्मसंस्था इथे उभी राहिली नाही. हे चांगले की वाईट, यावर वाद घालता येईल. बाहेर तिष्ठणारा राजा मात्र चांद्याच्या वेशीवर शोधू नये.

केरळात राग साठत गेला. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला लोक जमले आणि जेझुइटांना मानणार नाही अशी त्यांनी क्रुसासमोर शपथ घेतली. सर्वांना क्रुसाला हात लावता येईना, म्हणून त्याला दोर बांधून लोकांनी ते धरले, अशी परंपरा आहे. समाज फुटला तो कायमचा. एव्हाना रोमलाही राजांना दिलेल्या हक्कांचा जाच होऊ लागला होता. १६२२ मध्ये पोपने मिशनचे काम आपल्या हाती घेण्यासाठी ‘प्रोपागांडा’ हे खाते काढले होते. मग पाद्रोआदो विरुद्ध प्रोपागांडा असा सामना भारतभर रंगला. मुंबईत इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज पाद्रींना घालवून प्रोपागांडाचे, कार्मेलाइट संघाचे पाद्री आणले. १७९४ मध्ये चर्चची वाटणी झाली आणि एकाच शहरात दोन अधिकारक्षेत्रे नांदू लागली. हा दुहेरी कारभार थेट १९२८ पर्यंत चालला.

थॉमस ख्रिस्तींना स्वतःचे बिशप मिळाले ते १८९६ साली, आणि स्वतःची बिशपश्रेणी १९२३ साली. तरी उत्तरेला भारतपुळा आणि दक्षिणेला पंबा या दोन नद्यांमधल्या पट्ट्यापुरताच त्यांचा अधिकार. १९५५ मध्ये ही कुंपणे हलली आणि सात वर्षांनी चांद्याचे दार उघडले. मन्नानमला १८३१ साली स्थापन झालेल्या सीएमआय संघाकडे काम आले. जानुएरियस पालथुरुत्ती हे पहिले प्रमुख. १९७७ मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला.

१९६२ ची ही वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. चांदा तेव्हा मध्य प्रदेशातून नुकताच निघाला होता, आणि त्या राज्याने नेमलेल्या न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात परदेशी मिशनऱ्यांवर कडक ठपका ठेवला होता. बल्लारपूरला आलेले पाद्री मल्याळम बोलणारे भारतीय नागरिक होते. शाळा, दवाखाने, वसतिगृहे काढत ते गडचिरोलीच्या जंगलापर्यंत गेले. भाविकांची संख्या आजही थोडीच.

या परंपरेच्या चर्चमध्ये गेलात तर वेदीवरचा मार थोमा क्रूस नीट पाहा. त्यावर ख्रिस्ताची मूर्ती नसते. खाली कमळ उमललेले, चारी टोके कळ्यांसारखी, वरून कबुतर झेपावलेले. मिस्सेला इथे कुर्बाना म्हणतात. धर्मगुरूने तोंड वेदीकडे करायचे की लोकांकडे, यावरून २०२१ नंतर एर्नाकुलममध्ये भांडण पेटले. धर्मसभेचा ठराव मानायला तिथल्या कित्येक धर्मगुरूंनी नकार दिला.

आणि बिशप नेमतो कोण? सरकारचा यात काही संबंध नाही. केरळातल्या गाद्यांसाठी सिरो-मलबार बिशपांची सभा निवड करते. चांदा त्यांच्या मूळ मुलखाबाहेरचा, म्हणून बरीच वर्षे इथली नेमणूक थेट पोपची राहिली आणि प्रांत म्हणून तो लॅटिन नागपूरला जोडलेला होता. १० ऑक्टोबर २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांचे पत्र प्रसिद्ध झाले आणि सिरो-मलबार चर्चचे अधिकारक्षेत्र भारतभर वाढले. त्याच दिवशी हैदराबादजवळच्या शमशाबादला नवा धर्मप्रांत जाहीर झाला. देशातला जो जो भाग तोवर कोणत्याच सिरो-मलबार बिशपकडे नव्हता, तो बहुतेक सगळा त्याच्याकडे गेला.