मारवा आणि मिलिटरी अकाउंट्स

सिव्हिल लाइन्समधल्या देशपांडे सभागृहात आपण कार्यक्रमाला जातो, पण हे देशपांडे कोण, असं हॉस्टेलवर विचाराल तर अर्धी पोरं ‘असतील कुणी मंत्री’ म्हणतील. राजेहो, ते गवई! डॉ. वसंतराव देशपांडे. जन्म १९२०चा, मूर्तिजापूरचा. आईने एकटीने वाढवलं ते नागपुरात, आणि गाणं सुरू झालं शंकरराव सप्रे गुरुजींकडे, इथेच.

त्यांच्यावरचा ‘मी वसंतराव’ (२०२२) जरूर बघा. दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी, आणि आजोबांच्या भूमिकेत नातू राहुल देशपांडे. गायकावरच्या सिनेमात मेन प्रॉब्लेम असतो गळ्याचा. ‘बालगंधर्व’ (२०११) मध्ये चेहरा सुबोध भावेचा, आवाज आनंद भाटेंचा. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) मध्ये खाँसाहेब झाले सचिन, गायले राहुल. दोन्ही सिनेमे छानच आहेत, तरी तान चालू असताना लक्ष ओठांकडे जातं (माझं तरी जातं). इथे ओठ आणि आवाज एकाच माणसाचे, त्यामुळे दम लागतो तोही खरा वाटतो. राहुलला यासाठी पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पार्श्व कसलं, समोर बसून तर गातो!

मारवा वसंतराव लाहोरला असद अली खाँकडे शिकले. या रागात पंचम नाही, आणि गाणारा सा वर फारसा टेकत नाही. म्हणून घर दिसतंय पण पोचत नाही, असं ऐकताना होत राहतं. कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये डो-रे-मी करून आलेल्या मलाही ते जाणवलं. पुढे सुरेशबाबू माने, भेंडीबाजारचे अमान अली खाँ, वरून दीनानाथांचा प्रभाव. साहजिकच लोक विचारायचे, तुमचं घराणं कोणतं? एका कप्प्यात हा माणूस बसेचना.

आणि पोटासाठी काय? मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. वर्षानुवर्षं दिवसा हिशेब, उरलेल्या वेळात गाणं. नोकरी सोडली तेव्हा चाळिशी उलटली होती. मग १९६७ साली ‘कट्यार’ नाटक आलं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही नागपूरचेच, संगीत अभिषेकीबुवांचं. त्यातल्या खाँसाहेबांनी वसंतरावांना घरोघरी पोचवलं.

माझा रूममेट तबला छान वाजवतो. प्लेसमेंट जवळ आल्यापासून तबला कॉटखाली आहे. त्याला हा जवळजवळ तीन तासांचा सिनेमा एका बैठकीत दाखवला. संपल्यावर बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “पेन्शन मिळाली असेल का बे त्यांना?”